न सांगण्याचे दुखणे

माझी पोलादपूरच्या शाखेत बदली झाली, त्याला आता तीसेक वर्षे होऊन गेली. महाड-पोलादपूरकडची कितीतरी घरे तेव्हा मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालत. नवरा चाकरमानी, लावणी, गुरे, पाण्याचे हंडे हे सारे बाईच्या डोक्यावर. बँकेत येणारी एक बाई खुर्ची दिली तरी बसत नसे. एकदा केबिनमध्ये कोणी नाहीसे पाहून म्हणाली, "मॅडम, दुसऱ्या बाळंतपणापास्नं अंग बाहेर येतंय. शिंकलं तरी लुगडं भिजतं." सासूला सांगितलेस का, असे मी विचारले. म्हणाली, "त्यांचंबी तसंच हाय."

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे विंचूदंशावरील काम 'लॅन्सेट'ने छापले. त्याच नियतकालिकात १९८९ मध्ये डॉ. राणी व अभय बंग यांची गडचिरोलीतली पाहणी आली. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. विंचू चावला की गाव धावते. हे दुखणे मात्र बाई लुगड्याआड लपवते.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर तोललेले. बाळंतपणात ती ताणली जाते, कधी फाटते. अमेरिकन डॉक्टर अरनॉल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तिचा व्यायाम सांगितला. लघवी अडवताना आवळतो तेच स्नायू, पण लघवी करताना नव्हे, एरवी आवळायचे. पाचेक सेकंद धरून तितकाच वेळ सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. गरोदरपणापासून केल्यास पुढे लघवी सुटण्याचा त्रास कमी होतो. सैल सोडणेही शिकायचे, कारण बाळाला वाट त्यानेच मिळते. पहिलटकरणीने शेवटच्या महिना-दीड महिन्यात, डॉक्टरांना विचारून, स्वच्छ हाताने योनीमुखाशी तेलाचे हलके मालिश केले, तर छेद घेण्याची व टाक्यांची वेळ कमी येते. इजा मुळीच होणार नाही, अशी हमी मात्र कोणी देऊ नये.

याला ना यंत्र लागते, ना कर्ज. आशाताईंनी लोहाच्या गोळ्या देताना पाच मिनिटे हे शिकवावे. आणि घरच्यांनी बाळंतिणीच्या डोक्यावर हंडा लगेच चढवू नये.

त्या बाईला मी तेव्हा डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला होता. ती गेली की नाही, हे विचारायचे धैर्य मला झाले नाही. लाज तिची एकटीची नव्हती, माझीही होती.