चाचणी दीडशे किलोंवर, भाडं दीड टनाचं

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली.

महोदय,

धाटाव एमआयडीसीतून माल भरलेली पिकअप भिसे खिंड ओलांडून नागोठण्याला महामार्गाला लागते, तेव्हा तिच्या हौद्यात दीड टन माल असतो. एवढं वजन घेऊन ही गाडी एका लिटरात किती किलोमीटर जाते, हे गाडी विकण्याआधी गिऱ्हाइकाला सांगण्याचं बंधन आपल्या एकाही नियमात नाही. या पत्राचं कारण एवढंच आहे. बाकी जे लिहितो आहे ते या एका गोष्टीतून निघालेलं आहे.

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत एमएच 06 ची पाटी लावून फिरणाऱ्या पिकअपवाल्यांपैकी कोणालाही थांबवून विचारा. शोरूममध्ये सांगितलेलं अ‍ॅव्हरेज आणि भरल्या गाडीला मिळणारं अ‍ॅव्हरेज यांत लिटरमागे पाच-सहा किलोमीटरची तफावत तो सांगेल. मला 17 चा आकडा सांगितला होता. टाकी फुल्ल करून, माल पोचवून, पुन्हा फुल्ल करून मोजलं की भरल्या गाडीला 11 हाती येतात, पावसाळ्यात त्याहूनही कमी. तक्रार केली तर विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: गाडी कशी चालवता त्यावर अवलंबून आहे. त्यापुढे ज्या कार्यालयात अर्ज दिला तिथून पोचेपलीकडे काही आलं नाही. म्हणून आता जाहीरपणे लिहितो आहे.

आधी हिशेब. महिन्याला 3,000 किलोमीटर धरा. भाड्याच्या पिकअपला हे काही जास्त नाही. 17 च्या हिशेबानं 176 लिटर डिझेल लागायला हवं, 11 च्या हिशेबानं 273 लिटर लागतं. डिझेल लिटरला 90 रुपये धरलं, तर 97 लिटरच्या फरकाचे महिन्याला 8,700 रुपये होतात, वर्षाला लाखाच्या वर जातात आणि पाच वर्षांची कर्जफेड संपेपर्यंत सव्वापाच लाखांना भिडतात. आठ लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता 17,400 च्या आसपास बसतो. म्हणजे दर महिन्याला निम्म्या हप्त्याएवढी रक्कम पंपावर जाते, आणि गाडी घेताना ती कोणत्याही कागदावर नसते. कोलाडचा किंवा हमरापूरचा नवा पोरगा गाडी घ्यायला जातो तेव्हा सांगितलेल्या आकड्यावर भाडं मांडतो, त्या भाड्यावर हप्ता मांडतो आणि सही करतो. पहिल्या वर्षाच्या अखेरीस दोन हप्ते थकतात, तेव्हा सगळे म्हणतात की पोराला धंदा जमला नाही.

आता हा 17 चा आकडा येतो कुठून ते पाहू. आपल्या मंत्रालयाच्या नियमांनुसार गाडी प्रयोगशाळेत रोलरवर चढवली जाते. तिथे ती वेगाच्या ज्या ठरावीक क्रमानं पळवतात तो 1,180 सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांचाही नाही. त्यात जास्तीत जास्त वेग ताशी 90 आणि सरासरी वेग ताशी 32 च्या आसपास. हेही एक वेळ समजू शकतो, कारण प्रयोगशाळेला काही ना काही ठरावीक माप लागतंच. पण गाडीचं वजन? रिकाम्या गाडीचं वजन अधिक दीडशे किलो. बस्स. चालक आणि त्याच्याबरोबर एक माणूस बसला की हे दीडशे किलो भरतात. हौदा मोकळाच! मालवाहू म्हणून नोंदवलेली, मालवाहू म्हणून विकलेली, दीड टन माल नेण्यासाठीच घेतलेली गाडी माल न ठेवता तपासायची आणि तोच आकडा गिऱ्हाइकासमोर ठेवू द्यायचा, हा कसला नियम आहे?

महोदय, हेच सरकार बाकी सगळीकडे आमचा माल मोजतं. ओव्हरलोड सापडला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000. तेव्हा गाडी काट्यावर जाते आणि किलोकिलोचा हिशेब होतो. थर्ड पार्टी विम्याचा दर आपल्याच मंत्रालयानं 2022 मध्ये अधिसूचित केला; 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला तो 16,049 रुपये ठरला, कारण आम्ही माल वाहतो. नव्या गाडीचं फिटनेस आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी, तेही माल वाहतो म्हणूनच. राज्य सरकारनं 2025 च्या अर्थसंकल्पात 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या 7 टक्के एकरकमी कर सक्तीचा केला. नऊ लाखांच्या गाडीला हे 63,000 रुपये झाले. कर घेताना आम्ही मालवाहू, विमा घेताना मालवाहू, दंड घेताना तर नक्कीच मालवाहू. फक्त अ‍ॅव्हरेज मोजायची वेळ आली की आमची गाडी रिकामी.

आणि ही नजरचूक म्हणावी, तर ती वर्षानुवर्षं आपल्या डोळ्यांसमोर आहे. प्रवासी मोटारींना सरासरी इंधनवापराची मर्यादा 2017-18 पासून आहे. बारा टनांवरच्या ट्रक-बससाठी इंधनवापराची मानकं 2017 मध्ये निघाली, साडेतीन ते बारा टनांच्या गाड्यांसाठी 2019 मध्ये. जुलै 2022 मध्ये आपल्या मंत्रालयानं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 115-जी हा नियम दुरुस्त केला, तोवर फक्त मोटारींना असलेलं इंधनवापराचं बंधन या मोठ्या गाड्यांनाही घातलं आणि 1 एप्रिल 2023 ही तारीख दिली. वरच्यांना नियम, मोटारींना नियम. मधे उरली ती साडेतीन टनांपर्यंतची मालवाहू गाडी, म्हणजे आमची पिकअप. पेणचे पापड-पोहे, अलिबागचा पांढरा कांदा, रोह्याच्या कारखान्यांचा सुटा माल, गावोगावचं सिमेंट आणि पत्रे हिच्यावरच जातात. देशात सगळ्यात लहान मालक ज्या गाडीचा आहे, नेमक्या त्याच गाडीला इंधनाचं मानक लागू नाही.

आमचं चालवणं वाईट, आमचे रस्ते वाईट, म्हणून अ‍ॅव्हरेज पडतं, असं आम्हाला सांगितलं जातं. चालवण्याचं सोडा, रस्त्याचं उत्तर कोणी द्यायचं? मुंबई-गोवा महामार्गाचा पळस्पे ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा आपल्याच खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं. मार्च 2023 मध्ये आपण स्वतः पाहणी करून डिसेंबर 2023 ची मुदत दिलीत. एप्रिल 2025 मध्ये जून महिना सांगितलात. दोन्ही मुदती गेल्या. या पंधरा वर्षांत पेण-रोह्यातल्या एका पिकअपचं आयुष्य संपून दुसरी दारात आली आणि तीही अर्धी झिजली. कासूपासून पुढे सुकेळी खिंडीपर्यंत पावसाळ्यात गाडी कशी चालते ते कोणालाही क्लीनरच्या सीटवर बसून पाहता येईल. तिसरा गिअर पडतो न पडतो तोच खड्डा, ब्रेक, दुसरा, पुन्हा उचल. भरलेल्या गाडीला एकदा आलेली गती मोडली की ती परत आणायला डिझेलच लागतं. प्रत्येक खड्ड्यामागे हे होतं, आणि वर पाटे तुटतात, क्लच प्लेट लवकर जाते, टायर कडेनं खाल्ला जातो. त्यात वडखळ आणि डोलवीजवळच्या ट्रेलरांच्या रांगा.

श्रावण आला की पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांतून गणपती याच रस्त्यानं पिकअपमधून निघतात. मूर्ती लावताना हौद्याच्या तळाला भाताचा पेंढा पसरतात, मूर्तींच्या मधल्या फटींत पेंढ्याचे बोळे ठासतात, मोठ्या मूर्तीचे हात आणि सोंड कापडानं बांधून घेतात, मग फाळका लावून वर ताडपत्री ताणतात. वजन फार नसतं, पण उंची केबिनच्या वर जाते आणि वारा अडतो. कारखानदार सुटताना एकच सांगतो, सावकाश जा. बोट तुटलं तर मूर्ती परत येते आणि भाडंही जातं. पेण ते मुंबई पिकअपचा चालक खड्डा चुकवत, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर गाडी नेतो. त्याच सुमारास दरवर्षी सोळा टनांवरच्या गाड्यांना या महामार्गावर बंदी होते आणि सगळा भार लहान गाड्यांवर येतो. तेव्हा त्या गाडीचं अ‍ॅव्हरेज विचारू नका, एवढंच म्हणतो.

बीएस-6 गाडीत आणखी एक भर पडली. धूर गाळणारी डीपीएफची जाळी साफ व्हायला सायलेन्सरमधली उष्णता सहाशे अंशांच्या घरात जावी लागते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग एका वेगानं धावली पाहिजे. ती धावत नाही, म्हणून जाळी चोक होते, दिवा लागतो, गाडी ताकद सोडते, आणि जाळी जाळून साफ करायला इंजिन जास्तीचं डिझेल घेतं. हवा स्वच्छ व्हावी याला आमचा विरोध नाही; आमचीही पोरं इथेच श्वास घेतात. पण जे यंत्र मोकळ्या रस्त्यासाठी आहे ते आमच्या गाडीत बसवून रस्ता मात्र पंधरा वर्षं अपुरा ठेवला, याचा भुर्दंड आम्हीच का भरायचा?

भरल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज मोजता येत नाही, असं कृपया सांगू नका. 1 एप्रिल 2023 पासून बीएस-6 च्या दुसऱ्या टप्प्यात गाडीच्या मागे यंत्र बांधून तिचा धूर खऱ्या रस्त्यावर मोजायची पद्धत आपणच आणली. ते यंत्र कार्बन डायऑक्साइड मोजतं. एक लिटर डिझेल जळलं की साधारण 2.6 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे लिटर किती जळले हे त्याच चाचणीच्या कागदावर निघतं. ते फक्त आम्हाला सांगितलं जात नाही. युरोपच्या आताच्या चाचणीत मालवाहू व्हॅनच्या भारक्षमतेपैकी 28 टक्के भार धरतात. पूर्ण नाही, पण दीडशे किलोही नाही. तिथे नव्या मोटारी आणि व्हॅनमध्ये प्रत्यक्ष इंधनवापर नोंदवणारी व्यवस्था बसवणं बंधनकारक झालं, आणि तिच्या आकड्यांवरून मार्च 2024 मध्ये युरोपीय आयोगानं जाहीर केलं की मोटारींचा खरा इंधनवापर प्रयोगशाळेपेक्षा सुमारे 20 टक्क्यांनी जास्त आहे. सरकारनं स्वतः मोजलं आणि स्वतः सांगितलं. उलट उदाहरणही आहे: अमेरिकेत 8,500 पौंडांवरच्या अवजड पिकअपना मायलेजचं लेबल लावायची सक्ती नाही, आणि तिथले मालकही आमच्यासारखेच एकमेकांना विचारून आकडा काढतात. या दोन्हींपैकी कोणत्या वाटेनं जायचं, हे आपल्या हातात आहे.

आम्ही ओव्हरलोड करतो, हे उत्तरही तयार असेल. म्हणून मागणी कायद्यातल्या वजनाचीच करतो. आरसी बुकावर जेवढं भरलेल्या गाडीचं वजन लिहिलेलं असतं, तेवढं वजन ठेवून अ‍ॅव्हरेज मोजा. रिकाम्या आणि भरल्या गाडीचे दोन्ही आकडे शोरूममध्ये किमतीच्या पाटीशेजारी आणि विक्रीच्या कागदावर छापण्याची सक्ती करा. नियम 115-जी मध्ये साडेतीन टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्या घाला. आणि गाडीच्या संगणकात इंधनवापराची जी नोंद असते, ती मालकाला फुकट वाचता येईल अशी तरतूद करा, म्हणजे उद्या तक्रार करताना आमच्या हातात पंपाच्या पावत्यांशिवायही काही पुरावा असेल.

यातली शेवटची मागणी सोडली तर एकाही मागणीला नवं यंत्र लागत नाही. मोजणाऱ्या संस्था आहेत. पुण्याची एआरएआय 1966 पासून आहे. नियम करायचा अधिकार आपल्याकडे आहे. रस्ताही आपल्याकडे आहे. आपण मराठी आहात, हा महामार्ग आपण पाहिलेला आहे, आणि इथला माणूस हप्त्यावर गाडी घेऊन कसा जगतो हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

नवा नियम व्हायला वेळ लागणार असेल, तर तोवर एक अधिसूचना काढा: दीडशे किलोंवर तपासलेल्या गाडीचं अ‍ॅव्हरेज सांगून मालवाहू गाडी विकायला बंदी.

आपला,
पेण-रोहा मार्गावरचा एक पिकअपमालक