घाट झोपेत ओलांडू नये

नाताळची सुट्टी असो वा मे महिना, बारामती-इंदापूर परिसरातील आपल्या कुटुंबांची सहल निघाली की ती बहुधा समुद्राकडेच निघते. वर्षभर उसाच्या फडात, कारखान्यात, शाळेत नाही तर दवाखान्यात राबणाऱ्या माणसांना चार दिवस लाटांच्या काठी बसावेसे वाटले तर त्यात वावगे काही नाही. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात खुले होते. त्या वेळी यात्रा आणि सहल ही जोडी एकत्रच निघाली, तीही आम्हांस अनुचित वाटत नाही. आमची तक्रार सहलीविषयी नाही, तिच्या आखणीविषयी आहे, आणि ती आम्ही स्पष्ट शब्दांत मांडणार आहोत.

आजची आखणी कशी असते? रात्रीचे जेवण उरकून बस निघते. फलटण, सातारा, कोल्हापूर, आजरा अशी गावे एकामागून एक अंधारात मागे पडतात. पहाटेच्या सुमारास बस आंबोलीचा घाट उतरते तेव्हा चालक सोडून सारे घोरत असतात. पुढे चार दिवस किनारा: आज हा, उद्या तो, परवा तिसरा. शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाजार, मग पुन्हा रात्री तोच घाट चढून घराकडे. सह्याद्री दोनदा ओलांडला, एकदाही पाहिला नाही. आणि परतल्यावर 'सगळे कोकण पालथे घातले' असे सांगायला आपण मोकळे!

आमचे म्हणणे असे की समुद्रकाठच्या मुक्कामातला एक पूर्ण दिवस डोंगरासाठी राखून ठेवावा, आणि तो उजेडातला असावा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: 'समुद्र पाहायला गेलेल्या माणसाने डोंगर कशाला पाहावा?' हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला तर चालेल, बारामती-इंदापूरच्या माणसाने विचारू नये. आपला मुलूख पर्जन्यछायेतला. बारामतीस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीस सुमारे सात हजार. आपले शेत हिरवे दिसते ते आपल्या आभाळामुळे नव्हे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा काढला गेला, भोर तालुक्यात भाटघरचे धरण उभे राहिले, आणि सह्याद्रीवर पडलेले पाणी आपल्या रानात आले. इंदापूरकरांच्या दाराशी असलेले उजनीचे पाणीही भीमेचे, आणि भीमा उगम पावते भीमाशंकरच्या डोंगरात. ज्याच्या जिवावर आपण जेवतो, त्याच्या अंगणातून दोनदा जाऊनही त्याच्याकडे मान वळवून न पाहणे याला आमच्या मराठीत कृतघ्नपणा म्हणतात.

आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम आहे. थोडे चालून गेले की एका गुहेतून निघणारे पाणी दिसते. हे पाणी जवळच्या समुद्राकडे वळत नाही. ते पूर्वेला वाहते, घटप्रभेला मिळते आणि घटप्रभेबरोबर कृष्णेत जाते. इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा-नृसिंहपूर येथे आपली नीरा भीमेला मिळते, आणि पुढे रायचूरजवळ भीमा कृष्णेला मिळते. म्हणजे आंबोलीचे पाणी आणि आपल्या शिवाराचे पाणी शेवटी एकाच प्रवाहातून बंगालच्या उपसागरात पोहोचते. त्याच डोंगराच्या पश्चिम उतारावर पडलेला पाऊस मात्र अरबी समुद्राला मिळतो. सकाळी ज्या समुद्रात मुलांनी पाय बुडवले, त्याच्याकडे जाणारे पाणी आणि आपल्याकडे येणारे पाणी जेथे वेगळे होते ती जागा त्यांना दुसऱ्या दिवशी दाखविता येते. भूगोलाचा इतका सोपा धडा शाळेच्या फळ्यावर देता येत नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. 'एक दिवस वाढला की बसचे भाडे वाढले, खोल्यांचे पैसे वाढले.' आम्ही दिवस वाढवा असे म्हणत नाही. चार किनाऱ्यांपैकी दोन कमी करा असे म्हणतो. तिसऱ्या किनाऱ्यावरची वाळू पहिल्यापेक्षा निराळी नसते. मुक्काम वेंगुर्ले किंवा शिरोडे येथे ठेवला तर सावंतवाडी तासाभराच्या अंतरावर आहे, आणि सावंतवाडीहून आंबोली सुमारे ३० किलोमीटर. न्याहारी करून सातला निघावे, साडेनऊच्या आत वर पोहोचावे, चारला घाट उतरू लागावे आणि दिवे लागण्याच्या वेळी पुन्हा आपल्या खोलीत यावे. वाटेत सावंतवाडीला मोती तलावाकाठी पाय मोकळे करावेत, लाकडी खेळणी पाहावीत आणि मिलाग्रीस चर्चमध्ये घटकाभर बसावे. २००५ साली सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याआधी तेथील भाविक आणि आपण एकाच पुणे धर्मप्रांताची लेकरे होतो, हेही मुलांना सांगावे.

'मग घरी परततानाच दिवसा घाटात थांबलो तर?' असा मधला मार्ग काहीजण सुचवितात. तो दिसतो तितका सोयीचा नाही. परतीच्या दिवशी बस सामानाने भरलेली असते, मुले कंटाळलेली असतात, आणि प्रत्येकाच्या मनात दुसऱ्या दिवशीची हजेरी असते. अशा घाईत डोंगर पाहिला जात नाही, फक्त छायाचित्र काढले जाते. मुक्काम एका ठिकाणी असण्याचा लाभच हा की ओझे खोलीवर राहते. गुडघे दुखणारी आजी किनाऱ्याच्या सावलीत बसू शकते, आणि ज्यांना जायचे ते हलक्या हाताने जाऊ शकतात. ज्या वृद्धांना यायचे आहे त्यांनीही भिऊ नये. महादेवगडच्या कड्यापर्यंत गाडीरस्ता आहे, खालचे कोकण तेथूनही दिसते.

आता मुख्य मुद्दा. रात्रीचा प्रवास स्वस्त पडतो असे आपण समजतो, कारण एका रात्रीचे लॉजचे भाडे वाचते. ते भाडे कोण भरतो? चालक भरतो, आपल्या झोपेने. १९६१ साली मोटर वाहतूक कामगारांसाठी केंद्रीय कायदा झाला तेव्हा त्यात दिवसाला ८ तासांच्या कामाचे तत्त्व घालून दिले गेले होते. आपल्या सहलीचा चालक रात्रभर गाडी हाकतो, सकाळी दोन तास आसनावरच डोळे मिटतो, आणि दुपारी आपण त्याला म्हणतो, 'मामा, जरा जवळच जाऊन येऊ.' वेतनाची आणि विसाव्याची न्याय्य मागणी आपण कारखान्यात करतो, मग तीच सहलीत का विसरतो?

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचारी एका दिवसाच्या सहलीसाठी समुद्राकडून महाबळेश्वरकडे निघाले होते. पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात त्यांची बस दरीत कोसळली. बसमधील एकच जण वाचला. मृतांना किंवा चालकाला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. घाटात चुकीला क्षमा नसते, एवढेच आम्हांस त्यातून सांगावयाचे आहे. म्हणून भर पावसाळ्यात, दरडी कोसळण्याच्या दिवसांत, लहान मुले घेऊन घाटात जाऊच नये. धबधबा पाहण्याच्या हौसेला आम्ही येथे नाही म्हणतो. डिसेंबरात आंबोलीच्या धबधब्याला पाणी थोडे असते, मे महिन्यात खडकच दिसतो, हे मुलांना आधी सांगून ठेवावे. खोटे आमिष दाखवून नेऊ नये. गोव्यात मुक्काम असेल तर हिवाळ्यात कुळे येथून जीपने दूधसागरला जाता येते. लोहमार्गावरून चालत जाण्याचे धाडस मात्र करू नये. रेल्वेने त्यास मनाई केली आहे.

आणखी एक सांगितल्यावाचून राहवत नाही. इंदापूर तालुक्यात भिगवणला रोहित पक्षी पाहायला शहरातली माणसे येतात, आणि त्यांनी टाकलेल्या पत्रावळ्या व बाटल्या पाहून आपण चिडतो. ते चिडणे योग्यच आहे. मग तोच पाहुणा आंबोलीला आपण होऊ नये. हिरण्यकेशीच्या उगमात राहणाऱ्या एका लहान माशाची नवी जात २०२० साली शास्त्रज्ञांनी नोंदविली. त्याला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असे नाव मिळाले, आणि २०२१ साली राज्य शासनाने ते क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. बोटाएवढ्या जिवासाठी शासनाने राखलेल्या पाण्यात आपल्या वेफर्सची पिशवी तरंगणे शोभत नाही.

शुभवर्तमान वाचणाऱ्यांना ही आखणी नवी वाटू नये. येशूचा मुक्काम सरोवराकाठी कफर्णहूमास असे, आणि तेथून तो डोंगरावर प्रार्थनेस जात असे. काठ माणसांच्या गर्दीसाठी होता, डोंगर पित्याच्या सहवासासाठी. त्याला दोन्ही हवे होते.

तेव्हा सहलीची वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळींना आमचे सांगणे आहे. कागद हातात घ्याल तेव्हा पहिल्या ओळीवर किनाऱ्याचे नाव लिहू नका. बस पहाटे निघेल आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचेल, असे लिहा. दुसऱ्या ओळीवर चालकाच्या झोपायच्या खोलीचे पैसे मांडा, आणि तिसऱ्या ओळीवर डोंगराचा दिवस. उरलेल्या दिवसांत समुद्र आहेच. तो कोठे जात नाही.