पाळणाघराची कडी

फराळाचे ताट पुढ्यात घेऊन वाचणाऱ्या मैत्रिणींनो, थोडे कडू बोलते, रागावू नका.

आमच्या नगरला, सावेडीत, दोन खोल्यांत पाळणाघर चालविणाऱ्या एक बाई आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांच्याच मुलाला कांजिण्या आल्या. दाराला कडी, कडीला चिठ्ठी! आम्ही चौघीजणी कडेवर पोरे घेऊन बाहेर उभ्या, आणि काय तोंडसुख घेतले म्हणता! “पैसे मात्र महिन्याचे पुरे मोजून घेतात!” हे वाक्य माझे. त्याच दिवशी मी शाळेत किरकोळ रजेचा अर्ज धाडला. पगार पुरा मिळाला.

कांजिण्यांचा संसर्ग पुरळ उठण्याआधी एकदोन दिवसच सुरू होतो आणि साऱ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत टिकतो. बाईंनी दार उघडे ठेवले असते, तर आपणच त्यांना फाडून खाल्ले असते. बंद ठेवले, तर आम्ही सहा दिवसांचे पैसे कापले. मग त्या माउलीने पोटच्या पोराला काय माळ्यावर लपवावे?

२०१७ साली कायद्याने ५० किंवा अधिक नोकरदारांच्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे केले. उत्तम झाले. पण घरी एकटीने पाळणा हलविणारीला रजा कोण देणार? तिचे मालक आपणच. आणि इतका चिक्कू मालक गिरणीतही मिळायचा नाही. वर तिला ‘मावशी’ म्हणायचे!

मी म्हणते, वर्षाचे बारा दिवस तिला भरपगारी रजा द्या. तेवढे दिवस आळीपाळीने एकमेकींची मुले आपण सांभाळू.

कापलेले पैसे मी परवा नेऊन दिले. बाईंनी ते मोजलेसुद्धा नाहीत. त्या माझ्याच मुलीचे नाक पुसत होत्या.