मला उरल घ्यायचीय!

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी कॉन्व्हेंटवाला. शाळेत वर्गात मराठी बोललं की दंड व्हायचा. त्यामुळे खाली ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या, तर मराठी विभागाच्या संपादकांनाच धरावे.

तर झालं असं. मागच्या सेमला डायनॅमिक्सच्या व्हायवात सरांनी विचारलं, "बॉक्सर इंजिनात समोरासमोरचे पिस्टन एकमेकांचा फोर्स मारतात. मग उरतं काय?" मी ऐटीत म्हणालो, "सर, काहीच नाही." पुढचं सांगत नाही. त्या रात्री चिडून मोबाईलवर बॉक्सर इंजिनं बघत बसलो आणि तिथे मला उरल भेटली. वरून काढलेला तिचा एक फोटो होता. डावा सिलिंडर अन् उजवा सिलिंडर एका रेषेत नाहीत, थोडे पुढे-मागे आहेत, हे नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. म्हणजे उरतो तो रॉकिंग कपल! पुस्तकात चार पानं वाचून जे कळलं नव्हतं, ते एका रशियन मोटरसायकलच्या बरगड्या बघून कळलं.

उरल म्हणजे साइडकारवाली, तीन चाकांची मोटरसायकल. साधारण ७५० सीसीचं इंजिन, चाळीसेक हॉर्सपॉवर, चेनऐवजी शाफ्ट, चार गिअर आणि वर चक्क रिव्हर्स गिअर. रिव्हर्स हवाच, कारण धूड सव्वातीनशे किलोच्या वर आहे. काही मॉडेलमध्ये साइडकारचं चाकसुद्धा इंजिनला जोडता येतं, चिखलात नाहीतर बर्फात रुतलात तर. मात्र मध्ये डिफरन्शिअल नाही. डांबरी रस्त्यावर ते चाक जोडलेलं ठेवलंत तर हँडल वळायला तयार होत नाही. डिफरन्शिअल कशाला लागतो, हे मला याहून सोप्या शब्दांत कोणी शिकवलेलं नाही.

तिचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. मूळ डिझाइन जर्मन, बीएमडब्ल्यू आर-७१ चं. त्यावरून सोव्हिएत युनियनने एम-७२ बनवली आणि १९४१ मध्ये मॉस्कोत उत्पादन सुरू केलं. तेवढ्यात जर्मन फौजा मॉस्कोच्या दिशेने आल्या, म्हणून अख्खा कारखाना उचलून उरल पर्वताच्या पलीकडे इर्बित नावाच्या गावी नेला. तिथे तयार इमारत मिळाली ती बिअरच्या कारखान्याची. (हॉस्टेलच्या बंधूंनी इथे टाळ्या वाजवू नयेत.) फेब्रुवारी १९४२ मध्ये तिथून पहिल्या गाड्या आघाडीवर गेल्या. शत्रूच्याच गाडीची नक्कल करून शत्रूशी लढायचं! आणि पुढे २०२२ मध्ये रशियानेच युक्रेनवर हल्ला केला, निर्बंध आले, तेव्हा कंपनीला जुळणीचं काम कझाकस्तानातल्या पेट्रोपाव्ल शहरात हलवावं लागलं. पहिल्या वेळी दुसऱ्याच्या आक्रमणामुळे बिऱ्हाड उचललं, दुसऱ्या वेळी स्वतःच्याच देशाच्या.

माझा रूममेट म्हणतो, "भावा, एवढ्या पैशात कार येईल. तू शोरूममधून आजोबा विकत घ्यायला निघालायस." बरोबर आहे त्याचं. अमेरिकेत नवीन उरल वीस हजार डॉलरच्या वर जाते. आपल्याकडे आणायची तर ड्यूटी वेगळी. शिवाय साइडकार उजवीकडे, आणि आपण चालतो रस्त्याच्या डाव्या बाजूने! जुन्या काळी आपल्याकडे स्कूटरला साइडकार लावत ती डावीकडे असायची. उरल घेऊन आपल्या घाटात ओव्हरटेक करायला गेलं, तर समोरून येणाऱ्या एसटीला आधी भेटणार तो साइडकारमध्ये बसलेला पाहुणा. रूममेटने ती सीट आत्ताच नाकारली आहे.

तरीपण मला उरल आवडते, आणि कारण फक्त फोटो नाही. (थोडं फोटोही आहे, खोटं कशाला बोलू.) तिचे दोन्ही हेड बाहेर आलेले असतात. स्टुलावर बसून कव्हर उघडायचं, फीलर गेज घालायचा, व्हॉल्व्हचा क्लिअरन्स लावायचा. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर हेडचे बोल्ट आणि व्हॉल्व्ह तपासायचेच, हे कंपनीच सांगते. म्हणजे गाडी विकतानाच मालकाला बजावलेलं असतं, की बाबा, पाना हातात घ्यावा लागेल.

आता माझी गाडी घ्या. दोन वर्षं जुनी, दिसायला झकास. गेल्या पावसाळ्यात शिरवळजवळ बंद पडली. मीटरवर पिवळा दिवा. मी मेकॅनिकलचा थर्ड इयरचा विद्यार्थी त्या दिव्याकडे बघत पाऊण तास पावसात उभा! सर्व्हिस सेंटरने कॉम्प्युटर लावला, दोन दिवस ठेवून घेतली आणि बिल हातात दिलं. काय बिघडलं होतं विचारलं तर म्हणे, "सेन्सर." कुठला? "सेन्सर." गाडीचं आरसी माझ्या नावावर आहे, पण तिला आत काय होतंय हे विचारायचा अधिकार मला नाही.

हे सगळं मी तावातावाने काकांना ऐकवलं. आमचे काका कराडला असतात. त्यांच्या पडवीत एक येझदी उभी आहे, किक मारायची आणि गिअर टाकायचा लिव्हर एकच असलेली. तीस वर्षं त्यांनी ती चालवली, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून. मला वाटलं काका खूश होतील. तर म्हणाले, "अरे, आम्ही दुरुस्ती शिकलो ती हौस म्हणून नाही. गाडी दर महिन्याला बंद पडायची म्हणून. तुझ्या काकूला विचार, कितींदा ढकलायला लावली."

इथे माझी दांडी उडाली. कारण उरलचीही गोष्ट हीच आहे. रशियातल्या गावकऱ्यांसाठी ती बटाट्याची पोती वाहणारी, बायकापोरांना नेणारी गाडी होती. कार परवडायला लागल्यावर त्यांनी तिला सोडलं. एके काळी लाखांनी गाड्या काढणारा कारखाना वर्षाला हजारभरावर आला, आणि त्याही बहुतेक परदेशातल्या हौशी लोकांसाठी. ज्यांच्यावर ती चालवायची वेळ आली होती, त्यांना तिचं कौतुक नव्हतं.

म्हणून आता मी माझं म्हणणं थोडं बदललं आहे. गाडी बंद पडावी, त्यात मजा आहे, असं मी म्हणत नाही. उरलनेसुद्धा हे ओळखलं. तिला जपानी अल्टरनेटर आले, इटालियन ब्रेक आले, २०१४ मध्ये कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. पण व्हॉल्व्ह अजून मालकाच्या हाताला लागतात. बिघाड कमी करणं ही एक गोष्ट आणि झाकण बंद करून टाकणं ही वेगळी. आपण मात्र दोन्ही एकच समजून डिझाइनच्या सबमिशनला सुंदर बंद डबे काढतो आणि मार्क घेतो. मीही तेच काढले. आपल्या ड्रॉइंगमध्ये स्पॅनर आत जायला जागा आहे का, हे एकाही एक्स्टर्नलने मला विचारलेलं नाही. विचारायला हवं होतं, मी फेल झालो असतो तरी.

येझदी बाबांना भंगारात द्यायची आहे, पडवीची जागा अडते म्हणून. भंगारवाला बघूनही गेला. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबा, मी चालू करतो. बाबा हसले. काकांनी मात्र फोनवर परीक्षा घेतली.

"चालू नाही झाली तर आधी काय बघशील, कॉइल का प्लग?"

"प्लग."

"बरं. मग ये. येताना काचपेपर घेऊन ये."