यंत्र देईल गोळी; जाब कोण देईल?

औषध देण्याचे काम माणसाच्या हातून यंत्राच्या हाती जाऊ लागले आहे. पाश्चात्त्य देशांतील रुग्णालयांत वॉर्डावॉर्डांतून औषधांची स्वयंचलित कपाटे उभी आहेत. औषधांच्या दुकानांत यांत्रिक हात फळ्यांवरून खोकी उचलून आणतात, आणि वृद्धांच्या शुश्रूषागृहांत प्रत्येक वेळच्या गोळ्या निराळ्या पाकिटांत भरून देणारी यंत्रे राबत आहेत. ही लाट आपल्या शहरांपासून फार काळ दूर राहणार नाही. तिचे स्वागत करावे की तिची धास्ती घ्यावी? आमचे उत्तर सरळ आहे. यंत्राचे स्वागत अवश्य करावे. परंतु यंत्राच्या आडून कोणी जबाबदारी झटकू पाहील, तर ते मुळीच खपवून घेऊ नये.

यंत्राचे गुण नाकारण्याचे कारण नाही. पहाटे तीन वाजता त्याला डुलकी येत नाही आणि गोळ्या मोजताना त्याचे लक्ष उडत नाही. कोणते औषध कोणी, केव्हा आणि कोणाच्या नावे काढले, ह्याची नोंद ते चोख ठेवते. माणसाच्या हातून होणाऱ्या चुका काही थोड्याथोडक्या नाहीत. अमेरिकेत वैद्यकीय चुकांमुळे रुग्णालयांत दरवर्षी 44,000 ते 98,000 माणसे दगावतात, असा अंदाज तेथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने 1999 साली वर्तविला, तेव्हा सारे वैद्यकविश्व हादरले होते. औषधातील चुका हा त्यांतला मोठा भाग. म्हणूनच 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी गंभीर व टाळता येण्याजोगी हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचा संकल्प जाहीर केला.

ह्या कामी यंत्र किती उपयोगी पडते, ते जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा ह्या गरीब वस्तीत 2018 साली दिसले. मधुमेह, एचआयव्ही अशा दीर्घकालीन विकारांच्या ज्या रुग्णांना महिन्याच्या गोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यात तासन् तास ताटकळावे लागे, त्यांना तेथील यंत्रातून काही मिनिटांत औषध मिळू लागले. परंतु ह्या यंत्राच्या पडद्यावर दूर बसलेला फार्मासिस्ट रुग्णाशी प्रत्यक्ष बोलतो. यंत्र औषध देते. शंकेचे उत्तर माणूस देतो.

आता दुसरी बाजू पाहा. डिसेंबर 2017 मध्ये अमेरिकेतील नॅशव्हिल शहरी, व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयात, एका वृद्धेला तपासणीपूर्वी मन शांत करणारे ‘व्हर्सेड’ हे औषध द्यायचे होते. परिचारिकेला ते कपाटाच्या यादीत सापडले नाही, कारण तेथे ते दुसऱ्या नावाने नोंदलेले होते. तिने निकडीच्या वेळेसाठी ठेवलेली मुभा वापरली आणि नावाची पहिली दोन अक्षरे दाबली. हाती आले ‘व्हेक्युरोनियम’, स्नायू लुळे पाडून श्वास थांबविणारे औषध! रुग्ण दगावली. परिचारिकेने कुपीवरील इशारा वाचला नाही, हा तिचा दोष खराच, आणि 2022 मध्ये न्यायालयाने तिला दोषी ठरविले. परंतु फार्मासिस्टने पडताळलेली यादी डावलून असले घातक औषध दोन अक्षरांवर बाहेर येऊ देणारी व्यवस्था कोणी उभारली होती? रुग्णालयावर फौजदारी खटला झाला नाही, आणि कपाटाला तर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येत नाही!

आपल्याकडे हा धोका दुप्पट आहे. 1948 च्या फार्मसी कायद्याचे 42 वे कलम सांगते, की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी देऊ नये. पण कित्येक दुकानांत फार्मासिस्टचे प्रमाणपत्र तेवढे भिंतीवर लटकते, आणि गल्ल्यावरचा पोऱ्या कात्रीने पट्टी कापून देतो! 2012-13 मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने फार्मासिस्टच्या हजेरीचा आग्रह धरला, तेव्हा औषधविक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवण्याचे अस्त्र उपसले. जेथे माणूस आधीच गैरहजर आहे, तेथे यंत्र त्याच्या मदतीला येणार नाही. त्याच्या गैरहजेरीला प्रतिष्ठा देण्यासाठी येईल.

म्हणून यंत्रे येण्यापूर्वीच सरकारने नियम करावेत. प्रत्येक यंत्रामागे, समोर असो वा पडद्यावर, नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे, आणि रुग्णाला त्याच्याशी आपल्या भाषेत बोलता आले पाहिजे. घातक औषधांना निराळे कुलूप असावे, आणि निकडीची मुभा वापरताना दुसऱ्या जाणत्या माणसाने औषधाची खातरजमा करावी. चूक घडल्यास रुग्णालयाचे चालक आणि यंत्राचे मालक ह्यांनाही जाब द्यावा लागेल, हे कायद्यात स्वच्छ लिहिलेले असावे.

गोळ्या मोजण्यातून सुटलेला फार्मासिस्टचा वेळ रुग्णासाठी खर्ची पडला, तरच ह्या यंत्रांचे सार्थक होईल. ही गोळी जेवणापूर्वी घ्यावी की नंतर, दुसऱ्या गोळीबरोबर ती चालेल काय, असे भीतभीत विचारणाऱ्या वृद्धाला धीराचे दोन शब्द हवे असतात. ते देणाऱ्या माणसाच्या पगारात काटकसर करण्यासाठी कोणी यंत्र आणणार असेल, तर ती काटकसर रुग्णाच्या जिवावर होईल. सरकारने ती होऊ देता कामा नये.