घरचा हिशेब : येणाऱ्या यंत्राची वाट किती पाहावी?

राइट टाउनमध्ये स्टेडियमच्या बाजूने संध्याकाळी फिरावयास जाण्याची वहिवाट जुनी आहे. फिरणे थोडे आणि बोलणे फार, असा तो प्रकार असतो. पण संसारातले पुष्कळसे प्रश्न तेथे सुटतात आणि काही तेथेच नव्याने निर्माण होतात. २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर अशाच एका संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी मला थांबवून विचारले, "ताई, घरचा संगणक बदलायचा आहे. पैसे साठले आहेत. पण मुलगा म्हणतो, नवा नमुना येऊ घातला आहे. थांबावे का हो?"

प्रश्न साधा होता, पण मला चटकन उत्तर देववेना. कारण दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न आमच्या गल्लीतल्या दुसऱ्या एका घरी मला विचारला गेला होता, आणि "थांबा" असा सल्ला मी दिला होता. त्या सल्ल्याचे काय झाले, ते आधी सांगते.

त्या घरी नाना आहेत, येथल्याच टेलिकॉम फॅक्टरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या नातीने २०२३ साली संगणकशास्त्राच्या पदवीसाठी प्रवेश घेतला. नानांच्या सुनेने भिशीतून साठ हजार रुपये बाजूला ठेवले होते. मुलीची निवड ठरलेली होती : ॲपल कंपनीचा 'मॅक मिनी' हा टेबलावर ठेवण्याचा लहानसा संगणक. त्याच्याबरोबर पडदा येत नाही, कळफलक येत नाही, माऊस येत नाही. एक चौकोनी डबी तेवढी मिळते. बाकीचे सामान घरात असले तर थोडक्या पैशांत चांगले यंत्र पदरात पडते. या सोयीमुळे शिकणाऱ्या मुलांना त्याचे आकर्षण वाटते.

दिवाळीचा मुहूर्त ठरला होता. पण ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस कंपनीने एम-३ नावाची नवी चिप जाहीर केली आणि घरात चलबिचल सुरू झाली. दुकानातल्या यंत्रात एम-२ होती. पुण्याहून मामाचा फोन आला, "थोडे थांबा, एम-३ चा येईलच." माझे मत विचारण्यात आले. मीही म्हटले, "दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे, थांबा."

दोन-तीन महिने गेले. संक्रांत झाली, पाडवा झाला, उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या. एम-३ चे यंत्र काही आले नाही. मुलगी संध्याकाळी नेपियर टाउनमध्ये मैत्रिणीकडे जाऊन तिच्या संगणकावर सराव करी. परतायला उशीर झाला की आजी दारात उभ्या. मैत्रिणीची परीक्षा असली की हिचा सराव बंद. त्या उन्हाळ्यात एका ठिकाणी शिकाऊ कामाची संधी चालून आली होती. तेथे प्रोग्रॅम लिहून दाखवावयाचा होता. हात बसलेला नसल्याने ती संधी गेली. मुलगी मला एका शब्दानेही लागेलसे बोलली नाही, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले.

शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये यंत्र आले, ते एम-४ चे. एम-३ ही पायरी कंपनीने या यंत्रापुरती गाळूनच टाकली होती. यंत्र उत्तम होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. किंमत पूर्वीचीच, ५९,९०० रुपये. पण मेमरी आठ जीबीच्या जागी सोळा, आणि आकारही पुष्कळ लहान. विद्यार्थ्यांसाठीच्या सवलतीत ते ४९,९०० रुपयांना मिळाले. मामा फोनवर म्हणाले, "बघा, थांबलो म्हणून दुप्पट मेमरी मिळाली!" नाना शांतपणे म्हणाले, "मिळाली खरी. पण पोरीचे वर्ष कोणत्या खात्यात लिहायचे?"

त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला, आणि या यंत्राचा आजवरचा इतिहास एकदा कागदावर मांडून पाहिला. वाचकांसाठी तो थोडक्यात देते.

पहिला मॅक मिनी जानेवारी २००५ मध्ये आला. तो साडेसोळा सेंटिमीटर लांब-रुंद होता आणि अमेरिकेत त्याची किंमत ४९९ डॉलर होती. जून २०१० मध्ये त्याला नवा ॲल्युमिनियमचा सांगाडा मिळाला, आणि तोच सांगाडा पुढे चौदा वर्षे चालला. २०२४ मध्ये तो बदलून १२.७ सेंटिमीटर चौरस झाला. आतील यंत्रणा मात्र मधून मधून बदलत गेली, पण तिला ठराविक चाल नाही. ऑक्टोबर २०१२ नंतर ऑक्टोबर २०१४. त्यानंतर एकदम चार वर्षांची सामसूम, थेट २०१८ ची अखेर. मग नोव्हेंबर २०२०, जानेवारी २०२३ आणि नोव्हेंबर २०२४. २०१४ नंतर जे "आता येईल, मग येईल" म्हणत थांबले, त्यांच्या घरची मुले तेवढ्या अवधीत शाळा संपवून कॉलेजातही गेली असतील.

नवे यंत्र दर वेळी सर्व बाजूंनी सरस असते, असेही नाही. २०१४ च्या नमुन्यात मेमरी पक्की जोडून टाकली होती. म्हणजे नंतर वाढविण्याची सोय गेली. आधीचा नमुना घेणारे त्या बाबतीत सुखी ठरले. शिवाय पुढचा नमुना येतोच, ही समजूतही खरी नव्हे. इंटेल कंपनी 'नक' नावाचे असेच छोटे संगणक दहा वर्षे काढीत होती. जुलै २०२३ मध्ये तिने ते काम थांबविले आणि पुढे ते आसुस कंपनीकडे गेले.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येते. त्यांच्या मुलाचे म्हणणे निराधार नव्हते. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी एम-५ ही चिप जाहीर झाली होती, पण ती आधी लॅपटॉप आणि टॅब्लेटमध्ये आली होती. छोट्या डबीत ती केव्हा येणार, असा तर्क सर्वत्र चालू झाला. मीही कागद-पेन्सिल घेतली. मागील तीन नमुन्यांमधले अंतर सुमारे २२ ते २६ महिन्यांचे. त्या हिशेबाने पुढचा नमुना २०२६ च्या दिवाळीच्या आसपास. दुसरी रीत अशी की, चिप निघाल्यापासून मोजावे. एम-२ जून २०२२ मध्ये निघाली आणि सात महिन्यांनी या यंत्रात आली. एम-४ मे २०२४ मध्ये निघाली आणि सहा महिन्यांनी आली. त्या हिशेबाने २०२६ चा उन्हाळा. आणि एम-३ चा दाखला घेतला, तर ही पायरी मुळीच येणार नाही! एकाच इतिहासातून तीन उत्तरे निघाली. हा लेख वाचकांच्या हाती पडेल तेव्हा यांपैकी कोणते खरे ठरले ते दिसेलही. पण तोवर त्याच्याही पुढच्या नमुन्याची चर्चा सुरू झालेली असेल.

तर्क करण्यात काही वावगे नाही. पण तर्क करताना, पुढच्या यंत्रात जे येण्याचा संभव आहे त्यातले आपल्या घरात काय वापरले जाईल, हाही प्रश्न विचारावा. २०२४ मध्येच सांगाडा बदललेला असल्याने तो लगेच पुन्हा बदलण्याचा संभव थोडा. एम-५ मध्ये मेमरीशी देवाणघेवाण अधिक वेगाने होते, आणि चित्रे हाताळणाऱ्या तिच्या प्रत्येक गाभ्यात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणितासाठी वेगळी सोय केली आहे. ज्यांचे पोट चित्रपटाच्या संकलनावर किंवा तशा जड कामावर आहे, त्यांना याचा लाभ दिसेल. ज्यांना प्रश्नपत्रिका टंकित करावयाच्या आहेत, बँकेचे व्यवहार पाहावयाचे आहेत आणि मुलाला प्रोग्रॅम लिहायला शिकवावयाचे आहे, त्यांना तो फरक जाणवणारही नाही.

पुढचे यंत्र स्वस्त होईल, हीदेखील खात्री धरू नये. २०२५ च्या अखेरीस मेमरीच्या चिपांचे भाव जगभर चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणककेंद्रांनी त्यांची मागणी वाढविली. रास्पबेरी पाय या छोट्या आणि स्वस्त म्हणून नावाजलेल्या संगणकाचेही काही नमुने डिसेंबर २०२५ मध्ये महाग झाले.

चिपेच्या क्रमांकावर घरोघर वाद होतात, आणि नेमक्या ज्या गोष्टींवर खर्च आणि सुख अवलंबून असते त्या राहून जातात. नानांच्या घरच्या अनुभवावरून चार सांगते.

पहिली, लागणारे प्रोग्रॅम या यंत्रावर चालतात का, ते आधी पाहावे. दुकानाच्या हिशेबासाठी आपल्याकडे घरोघर वापरला जाणारा टॅली विंडोजसाठी बनविलेला आहे; अभियांत्रिकीच्या नकाशांचे काही प्रोग्रॅमही तसेच. अशा घरी ही डबी कितीही देखणी असली तरी उपयोगाची नाही.

दुसरी, डबीची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे. पडदा, कळफलक आणि माऊस जुने चालत असतील तर उत्तम. पण २०२४ च्या नमुन्याला जुन्या रुंद तोंडाची यूएसबी जागा नाही, त्यामुळे जुना पेनड्राइव्ह लावण्यास जोडणी वेगळी घ्यावी लागते. मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये ती थोडक्या पैशांत मिळते. पण आधी माहीत नसले की पहिल्याच दिवशी घरात हिरमोड होतो.

तिसरी गोष्ट विजेची. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते; या यंत्राला नसते. वीज गेली की लिहिलेले गेले. तेव्हा लहानसा यूपीएस खर्चात धरलाच पाहिजे. यंत्र मात्र वीज फार खात नाही. एम-४ चा नमुना स्वस्थ असताना सुमारे चार वॅट आणि भर कामात ६५ वॅटपर्यंत घेतो.

चौथी गोष्ट उन्हाळ्याची. भोवतालची हवा १० ते ३५ अंशांच्या दरम्यान असावी, असे कंपनीने सांगितले आहे. जबलपूरचा मे महिना पारा चाळिशीपलीकडे नेतो. म्हणून डबी बंद कपाटात किंवा पश्चिमेच्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवू नये. खालून हवा खेळती राहील अशी जागा द्यावी आणि धूळ पुसत जावी.

एवढे झाल्यावर वहिनींना मी एकच गोष्ट विचारली : "संगणक नेमका कोणत्या तारखेला लागणार आहे?" त्या विचारात पडल्या. मुलगा बारावीत, त्याची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. तोवर घरात नवे यंत्र येणे हे उलट अभ्यासावर संकटच. खरी गरज जूनपासून, कॉलेज सुरू होताना. म्हणजे नानांच्या घरी ज्या थांबण्याने वर्ष गेले, तेच थांबणे या घरी फुकट होते, नव्हे, फायद्याचेच होते. प्रश्न तोच, पण उत्तर वेगळे. कारण दोन घरांची पंचांगे वेगळी.

मात्र मध्यंतरीच्या सोयीचा एक भाग उरत होता. त्यांचा जुना संगणक विंडोज-१० वर चालणारा, आणि त्या प्रणालीची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली होती. अशा संगणकावरून बँकेचे व्यवहार करीत राहणे म्हणजे कडी मोडलेल्या दाराआड दागिने ठेवण्यासारखे. सुदैवाने कंपनीने घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ ठेवली होती, पण तिच्यासाठी नोंदणी करावी लागत होती. ती करून घेतली की जुना संगणक जूनपर्यंत निर्धास्त चालणार होता.

वहिनींनी घरी जाऊन वहीत लिहून ठेवले : "बारावीचा निकाल लागल्यावर आठ दिवसांत खरेदी. त्या दिवशी बाजारात जे असेल ते. पुढचा विचार नाही." नवा नमुना तोवर आला तर तो घ्यावयाचा. न आला तर असलेला घ्यावयाचा, आणि घेतल्यानंतर वर्षभर नव्याच्या बातम्या वाचून मन खट्टू करावयाचे नाही.

माझे सांगणे एवढेच आहे. कारखान्यांना त्यांचे पंचांग असते. ते आपल्या हाती नाही. पण मुलीचे कॉलेज केव्हा सुरू होते, मुलाची परीक्षा केव्हा संपते, जुने यंत्र किती दिवस सुरक्षित आहे, हे पंचांग आपल्या घरी भिंतीवरच टांगलेले असते. आधी ते पाहावे, तारीख ठरवावी, आणि त्या तारखेपर्यंतच वाट पाहावी. हा हिशेब २०२३ साली मला सुचला असता तर बरे झाले असते.

वहिनींच्या जुन्या संगणकाची ती नोंदणी नानांच्या नातीनेच एका रविवारी येऊन करून दिली. काम आटोपल्यावर वहिनींच्या मुलाने तिला विचारले, "ताई, पण तुला काय वाटते, नवा केव्हा येईल?" ती हसली आणि म्हणाली, "येईल तेव्हा येईल. तू आधी गणिताचा पेपर सोडव."