लाइट डिपरवर घ्या की राव!

नवी बाइक आली की तुम्ही आधी काय बदलता? हेडलाइट! पांढराफेक एलईडी भारीच दिसतो. पण समोरच्याला २ सेकंद काहीच दिसत नाही. तेवढ्यात ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार ८ मीटरवरच्या, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना झोतानं दिपवता कामा नये. गाडीत बेकायदा बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड भरून सुटाल. पण दिपलेला तो समोरचा तुमच्याच अंगावर येईल, त्याचं काय? म्हणून कंपनीचाच दिवा ठेवा. समोरून गाडी दिसली की डिपरवर आधी तुम्ही या.